एक अधिक एक बरोबर तीन!

टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स

विषय वाचून लगेच पान उलटू नका! मॅगझिनच्या मराठी विभागात आपल्याला पाऊस, आई, मैत्री आणि सबमिशनची धावपळ वाचायची सवय आहे. गुप्तरोग, एचआयव्ही, हेपॅटायटिस हे शब्द इथे सहसा येत नाहीत. शाळेतसुद्धा हा धडा "घरी वाचून या" असं सांगून पुढे ढकलला जातो, आणि घरी तो कुणी वाचत नाही. पण आपण आता वीस वर्षांचे झालो. रक्तदान शिबिरात आपण रांगेत उभे राहतो, टॅटू काढतो, उद्या लग्न करू. मग हे आपल्याला माहीत नको का?

आणि खरं सांगायचं तर हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. यात नेटवर्क आहे, फीडबॅक आहे, कपलिंग आहे. म्हणजे हा पुरेपूर आपला विषय आहे.

आपण एरवी प्रत्येक रोगाचा वेगवेगळा विचार करतो. एड्सचं पोस्टर वेगळं, काविळीचं वेगळं. प्रत्यक्षात मात्र हे आजार एकाच वस्तीत, एकाच माणसात, एकाच वेळी येतात. आणि नुसते शेजारी शेजारी राहत नाहीत, तर एकमेकांना हात देऊन वर चढवतात. मेरिल सिंगर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात अशा गुंतलेल्या साथींसाठी 'सिंडेमिक' हा शब्द तयार केला. दोन रोग एकत्र आले म्हणून त्रास दुप्पट होतो, इतकंच त्याचं म्हणणं नव्हतं. गरिबी, नशा, हिंसा आणि लाज यांच्या जमिनीत ते रोग एकमेकांना वाढवतात, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून एक अधिक एक बरोबर तीन!

आधी ओळख करून घेऊ

या टोळीतले मुख्य मेंबर असे. सिफिलिस म्हणजे उपदंश, याला आपल्याकडे जुनी माणसं 'गरमी' म्हणतात. गोनोरिया म्हणजे परमा. हे दोन्ही जिवाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिकने बरे होतात. मग विषाणू : एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी. बी आणि सी हे दोघे यकृतावर, म्हणजे लिव्हरवर हल्ला करतात. कित्येक वर्षं काहीही लक्षण न दाखवता ते आत बसून राहू शकतात.

यांचे रस्ते पाहिले की गंमत कळते. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी शरीरसंबंधातून, रक्तातून आणि आईकडून बाळाला जातात. हेपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून जातो. सिफिलिस मुख्यतः शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. म्हणजे रस्ते तेच, फक्त गाड्या वेगळ्या. ज्या रस्त्याने एक गाडी आली, त्याच रस्त्याने दुसरी येणारच.

गाड्यांचा वेग मात्र सारखा नाही. समजा, हॉस्पिटलमध्ये काम करताना एखाद्याला पेशंटची वापरलेली सुई टोचली. पेशंटला हेपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल, तर लागण व्हायची शक्यता ६ ते ३० टक्के. हेपॅटायटिस सी असेल तर २ टक्क्यांच्या आत. आणि ज्याला आपण सगळ्यात जास्त घाबरतो त्या एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के. हेपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. आपली भीती आणि खरा धोका यांचा आलेख जुळत नाही, तो असा!

थोडंसं गणित (घाबरू नका, बॅकलॉग लागणार नाही)

साथ वाढणार की विझणार, हे एका साध्या सूत्रावर ठरतं. एक बाधित माणूस सरासरी किती नव्या माणसांना लागण देतो, त्या संख्येला 'आर' म्हणू.

आर = बीटा × सी × डी

बीटा म्हणजे एका संपर्कातून लागण होण्याची शक्यता. सी म्हणजे ठरावीक काळात होणारे संपर्क. डी म्हणजे माणूस किती काळ दुसऱ्याला लागण देऊ शकतो तो काळ. आर एकपेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, एकपेक्षा कमी असेल तर हळूहळू विझते. ॲम्प्लिफायरमध्ये लूप गेन एकच्या वर गेला की ऑसिलेशन सुरू होतं ना, अगदी तसंच.

आता कपलिंग बघा. सिफिलिससारख्या आजारात गुप्तांगावर जखम होते. ती जखम एचआयव्हीसाठी उघडं दार ठरते. शिवाय शरीर त्या जखमेकडे ज्या पेशी पाठवतं, नेमक्या त्यातल्याच सीडी-४ पेशींना एचआयव्ही पकडतो. पोलीस पाठवावेत आणि चोराने त्यांचीच जीप पळवावी, तसा हा प्रकार. दुसऱ्या बाजूनेही तेच होतं. १९९७ साली मलावी देशातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचआयव्हीबाधित पुरुषांपैकी ज्यांना मूत्रमार्गाचा दाह होता, त्यांच्या वीर्यात एचआयव्हीचं प्रमाण इतरांच्या आठ पट होतं. साध्या अँटिबायोटिकचे उपचार दिल्यावर दोन आठवड्यांत ते खाली आलं. म्हणजे एचआयव्हीवर एकही गोळी न देता एचआयव्हीचा बीटा कमी झाला!

आपण स्वतःच एक उदाहरण सोडवू. आकडे समजायला सोपे म्हणून मी मनाने घेतले आहेत. समजा, एका गावात एचआयव्हीचा आर ०.८ आहे, म्हणजे साथ विझत चालली आहे. आता तिथे दुसरा गुप्तरोग पसरला आणि २० टक्के संपर्कांत एचआयव्हीचा बीटा तिप्पट झाला. सरासरी काढा : ०.८ × १ अधिक ०.२ × ३ म्हणजे १.४. नवा आर = ०.८ × १.४ = १.१२. एकच्या वर! विझणारी साथ पेटली. आता त्या दुसऱ्या रोगाच्या निम्म्या पेशंटना बरं केलं तर २० चे १० टक्के झाले. सरासरी १.२, आणि आर = ०.९६. पुन्हा एकच्या खाली. दुसऱ्या रोगाचे निम्मेच पेशंट बरे केले, तरी पहिल्याची दिशा बदलली.

कागदावरचं गणित खरं ठरतं का?

हे टांझानियात म्वांझा भागात करून पाहिलं गेलं. काही गावांतल्या दवाखान्यांना गुप्तरोगांचे चांगले उपचार, औषधं आणि ट्रेनिंग दिलं, काही गावांत नेहमीचीच सेवा ठेवली. १९९५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत सुधारित सेवेच्या गावांत एचआयव्हीची नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. सगळ्यांना वाटलं, सापडला उपाय!

पण १९९९ साली शेजारच्या युगांडातल्या राकाई भागाचा निकाल आला. तिथे ठरावीक महिन्यांनी घरोघरी सगळ्यांना गुप्तरोगांची औषधं दिली होती. एचआयव्हीच्या नव्या लागणीत फरक? काही नाही.

मग कोण खोटं? कुणीच नाही. संशोधकांनी दोन मोठी कारणं मांडली. एक म्हणजे राकाईत एचआयव्हीची साथ जुनी झाली होती. ती इतकी पसरली होती की तिला वाढायला दुसऱ्या रोगाच्या टेकूची गरज उरली नव्हती. दुसरं म्हणजे म्वांझात दवाखाना रोज उघडा होता, त्रास झाला की माणूस येऊ शकत होता. राकाईत औषधांच्या दोन फेऱ्यांमध्ये बराच काळ जायचा आणि मधल्या काळात रोग परत यायचा. यातून आपल्याला दोन गोष्टी शिकता येतात. गाठ सुटी करायची तर ती लवकर करावी लागते. आणि एकदाच मोठी मोहीम काढण्यापेक्षा रोज उघडा असणारा दवाखाना जास्त कामाचा.

ऑस्टिन नावाचं छोटं गाव

आता रक्ताच्या रस्त्याची गोष्ट. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी नावाचा ग्रामीण भाग आहे. त्यातलं ऑस्टिन हे गाव जेमतेम चार हजार वस्तीचं. २००४ ते २०१३ या दहा वर्षांत संपूर्ण काउंटीत एचआयव्हीचे फक्त पाच पेशंट सापडले होते. आणि मग नोव्हेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या एका वर्षात सापडले १८१!

काय झालं होतं? तिथे ऑक्सिमॉर्फोन नावाच्या वेदनाशामक गोळीचं व्यसन पसरलं होतं. आधी लोक गोळीची पूड करून नाकाने ओढायचे. २०१२ मध्ये कंपनीने गोळीची रचना बदलली, जेणेकरून तिची पूड होऊ नये. डिझाईन म्हणून कल्पना चांगली होती. पण व्यसनी लोकांनी ती विरघळवून शिरेतून टोचायला सुरुवात केली! एक दरवाजा बंद केला आणि जास्त धोक्याचा उघडला. शेवटी २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती गोळी बाजारातून काढून घ्यायला सांगितली. कारणच ते दिलं की लोक नाकाकडून सुईकडे वळले. आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा ही केस स्टडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. युजर आपल्या मॅन्युअलप्रमाणे वागत नाही.

एकेक जण दिवसातून बऱ्याच वेळा टोचून घ्यायचा आणि एकच सिरिंज कित्येक जणांत फिरायची. त्या १८१ जणांपैकी ९२ टक्क्यांना हेपॅटायटिस सीसुद्धा होता. हा आकडा पुन्हा वाचा. हेपॅटायटिस सी त्या भागात आधीपासून पसरत होता. तो पसरतोय याचा अर्थच इथे सुया वाटून घेतल्या जात आहेत. कंट्रोल पॅनेलवर लाल दिवा लागला होता, पण तो दिवा दुसऱ्या खात्याचा म्हणून कुणी पाहिला नाही. वर २०१३ मध्ये काउंटीतली एचआयव्हीची मोफत तपासणी करणारी एकमेव संस्थाही बंद पडली होती.

२६ मार्च २०१५ ला गव्हर्नर माईक पेन्स यांनी आणीबाणी जाहीर केली. जुनी सुई द्या आणि नवी घ्या अशी केंद्रं, जी तोपर्यंत त्या राज्यात कायद्यात बसत नव्हती, ती एप्रिलमध्ये तिथे सुरू झाली. तपासणी, औषधं, व्यसनाचे उपचार एकाच ठिकाणी मिळू लागले आणि साथ आटोक्यात आली. २०१८ मध्ये संशोधकांनी गणिती मॉडेल करून पाहिलं. हीच पावलं २०१३ च्या सुरुवातीला उचलली असती तर बाधितांचा आकडा ५६ च्या वर गेला नसता. २०११ मध्ये उचलली असती तर १० च्या वर नाही. उशिराची किंमत इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच दिसते.

हे सगळं तिकडचं, आपल्याकडे काय?

आपल्याकडे हेच घडून गेलंय. मणिपूरमध्ये १९९० साली सुईने हेरॉईन घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही सापडला आणि काही महिन्यांतच त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या लोकांपर्यंत पोचला. पाठोपाठ हेपॅटायटिस सी होताच. आणि सुईबरोबर साथ थांबली नाही. ती त्यांच्या बायकांकडे गेली, ज्यांनी कधी सुई हातातही धरली नव्हती.

पुण्याचं उदाहरण आपल्या आणखी जवळचं आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रिया देहविक्रय करत नव्हत्या, अशांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार, त्यांचा नवरा. म्हणजे 'चांगल्या घरातल्या लोकांना होत नाही' हे वाक्य तेव्हाच पुण्यातच खोटं ठरलं होतं. तरीही ते वाक्य आपण अजून ऐकतो.

आणि लहान मुलांचं काय? २०१९ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात रातोदेरो इथे मोठ्या प्रमाणावर तपासण्या झाल्या. जुलैअखेरपर्यंत ९३० जणांना एचआयव्ही आढळला. त्यातली ७६३ मुलं १६ वर्षांच्या आतली होती, बरीचशी तर पाच वर्षांच्याही आतली. तापासाठी, खोकल्यासाठी दिलेली इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया... त्या चिमुरड्यांचं चारित्र्य कोण तपासणार? रोगाला चारित्र्य कळत नाही. त्याला फक्त रस्ता कळतो.

एका माणसासाठी चार खिडक्या

आता खरी अडचण. रोग एकत्र येतात, पण आपली व्यवस्था वेगवेगळी बसते. एचआयव्हीची तपासणी एका खोलीत, काविळीची दुसरीकडे, गुप्तरोगाचा डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, व्यसनमुक्ती केंद्र गावाबाहेर. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि प्रत्येक ठिकाणी "काय झालंय?" असं मोठ्याने विचारणारं कुणीतरी. पहिल्या खिडकीवरूनच माणूस परत गेला तर नवल काय?

खरं म्हणजे आज हातात असलेली साधनं जबरदस्त आहेत. सुरुवातीच्या सिफिलिसला पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. हेपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून हे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. हेपॅटायटिस बीला लस आहे. एचआयव्हीची औषधं भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत आहेत. ती नियमित घेऊन विषाणू तपासणीत दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. सूत्रात बघा : एचआयव्हीच्या गोळ्यांनी बीटा शून्यावर येतो, सिफिलिसच्या इंजेक्शनने डी छोटा होतो. गरोदर बाईच्या एकाच वेळच्या रक्तातून एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी तिन्ही तपासता येतात आणि बाळ तिन्हींपासून वाचवता येतं.

सर्किट तयार आहे, कंपोनंट उत्तम आहेत. फक्त वायरिंग एकमेकांना जोडायचं राहिलंय.

मग आपण काय करायचं?

एक. घरी जाऊन लसीकरणाचं कार्ड शोधा. हेपॅटायटिस बीची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात २००२ मध्ये निवडक ठिकाणी आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. म्हणजे आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना ती मिळालीच नसेल. तीन डोसांची लस आहे, आताही घेता येते.

दोन. रक्तदान जरूर करा, पण फॉर्म खरा भरा. दान केलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. तरीसुद्धा लागण झाल्यानंतर काही दिवस असे असतात की विषाणू रक्तात आहे पण टेस्टमध्ये दिसत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. ते दिवस मशीनला पकडता येत नाहीत, ते फक्त तुमचं खरं उत्तर पकडू शकतं. "फुकटात तपासणी होते" म्हणून रक्तदान करणं हा तर सरळ अन्याय आहे, ते रक्त कुणाच्या तरी आईला चढणार असतं. शंका असेल तर शिबिराच्या दिवशी गुपचूप मागे व्हा. आणि मित्र मागे झाला तर "का रे, घाबरलास?" म्हणून त्याची टर उडवू नका. तुमच्या त्या एका वाक्यामुळे तो खोटा फॉर्म भरेल.

तीन. टॅटू, कान टोचणं, दाढी : सुई आणि ब्लेड आपल्यासमोर नवं पाकीट फोडून घ्यायला सांगा. कुणी हसलं तर हसू दे.

चार. शंका आली तर सगळं एकदम तपासा. एक गुप्तरोग सापडला तर एचआयव्हीची तपासणी करा, एचआयव्ही सापडला तर बी आणि सी दोन्ही तपासा. सरकारी हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त असते. माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि बाधित आहे म्हणून कुणाला कॉलेजमधून किंवा नोकरीतून काढता येत नाही.

पाच, आणि सगळ्यात अवघड. लाज. लाज हा या सूत्रातला न लिहिलेला घटक आहे. लाजेमुळे माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो, म्हणजे डी वाढतो. लाजेमुळे जोडीदाराला सांगत नाही, म्हणजे साखळी तुटत नाही. वर दिलेल्या औषधांपैकी एकही औषध लाजेवर चालत नाही. तिच्यावर एकच उपाय, बोलणं. आणि तो उपाय कुठल्याही प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो.

इंडियानात लाल दिवा लागला होता, पण तो दुसऱ्याच्या पॅनेलवर होता. उद्या तुमच्यापैकी कुणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहील, कुणी सिरिंजचं डिझाईन करेल, कुणी रक्तपेढीचं मशीन बसवेल. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, की सगळे दिवे एकाच पॅनेलवर दिसले पाहिजेत. आणि तोपर्यंत, आज रात्री हॉस्टेलवर परतल्यावर घरी फोन करून विचारा : "आई, माझं लसीचं कार्ड कुठे ठेवलंयस गं?"